तिसरा रकाना

निझवापासून तासाभरावर, डोंगराच्या पायथ्याला
मी पंप बसवतो. एकोणीस वर्षं हेच.
पान्यांची पेटी, केबलचं भेंडोळं, खिशात जॉबशीट.
त्यात सहीचे तीन रकाने:
मालक, मेकॅनिक,
आणि तिसरा कशासाठी ते कंपनीत कुणाला आठवत नाही.
तो आम्ही कोरा सोडतो.

खालच्या गावात नासर बिन हिलाल फलजचा हिशेब ठेवतो.
फलज म्हणजे पाटच, आमच्या दाभोळच्या आगरातला,
फक्त हा डोंगराच्या पोटातून येतो,
माणूस वाकून चालेल एवढ्या बोगद्यातून.
जिथे तो सुरू होतो त्या विहिरीला
हे लोक आई म्हणतात.

ज्याची त्याची पाळी ठरलेली, अर्ध्या अर्ध्या तासाची.
दिवसा काठीच्या सावलीवर, रात्री ताऱ्यांवर.
आता सगळ्यांच्या मनगटावर घड्याळं,
तरी नासर पहाटे काठीपाशी जाऊन उभा.
"घड्याळ मागेपुढे करता येतं," म्हणतो.

एक पाळी कुणाच्याच नावावर नाही.
दर आठवड्याला तिचा लिलाव, पैसे डागडुजीला.
मी विचारलं, ही कुणाची?
"अजून आले नाहीत, त्यांची," म्हणाला,
आणि वाकून लसणाच्या वाफ्याचं तोंड फोडलं.

बोगद्यातला गाळ काढायला एकदा मीही उतरलो होतो.
भिंतीत पणतीएवढा कोनाडा, त्यात काजळी.
बोट फिरवलं तर बोटाला लागली.
कुणीतरी इथे बसून दगड फोडला होता
माझ्या जन्माची काहीच खबर नसताना.

तीन वर्षांमागे वरच्या अंगाला, एका नव्या शेतावर
मी शंभर मीटरवर मोटर सोडली.
पाणी आलं ते कोमट.
भूजलवाला पोरगा म्हणाला, हे पावसाचंच,
पण तो पाऊस माणूस नांगर धरायला शिकला त्याच्या आधीचा.
मी ओंजळभर प्यालो. तहान लागली होती.

त्या कामाचा बोनस शिरीनच्या फीला गेला.
फिजिओथेरपी, दुसरं वर्ष.
फोनवर म्हणते, अब्बा, किती करता माझ्यासाठी.
करतो. खोटं कशाला बोलू?
पण "माझ्यासाठी" या शब्दाचं कुंपण
दारापासून किती जवळ असतं.

खाली फलज चार बोटं उतरला.
नासरने मला विचारलं नाही काही.
खजूर पुढे केले, कॉफी ओतली,
आणि काठावरच्या सुकलेल्या रेघेकडे
आम्ही दोघांनी मिळून पाहिलं नाही.

सुपरवायझर कुट्टप्पन म्हणतो, परकार, तू उगाच झुरतोस.
पुढची पोरं हुशार निघतील. समुद्र गोड करून पितील.
निघतीलही.
पण हुशार माणसाच्या घरात शिरलं
म्हणून चोरीला दुसरं नाव देतात का?
आणि ज्याचं घर अजून बांधलंच नाही
तो फिर्याद लिहायला कुठल्या चौकीत जाणार?
मेलेल्यांचं देणं निदान स्वप्नात येऊन मागतात.

आज पुन्हा ऑर्डर. त्याच उतारावर, दुसरं शेत.
मी नाही म्हटलं नाही.
शिरीनचं अजून दीड वर्ष आहे.
पाइप जोडत गेलो, एक, एक,
आणि ऐंशीवर थांबलो.
क्लॅम्प आवळला. शीटवर शंभर लिहिलं.
पाणी ऐंशीच्या खाली गेलं की मोटर कोरडी ओढेल,
बंद पडेल,
आणि खालचे वीस मीटर अंधारात
जसेच्या तसे.
कदाचित दुसरा मेकॅनिक येईल, दोन पाइप वाढवेल, निघून जाईल.

मालकाने न वाचता सही केली. खाली मी केली.
कॅम्पवर येऊन डाळ गरम केली, हात धुतले,
नळ नीट बंद आहे का ते दोनदा पाहिलं.
वीस मीटर मी चोरले एवढं नक्की.
कुणाचे चोरले आणि कुणाला दिले,
हे मांडत बसलोय,
आणि बाजूच्या बाकावर कुणाची तरी मोटर धुवायची बादली
भरून वाहतेय.